तुम्ही वर, मी खाली

अहो, कॅमेरा मिळाला. हे आधी सांगते, कारण तुम्ही आधी तेच विचारलं असतं. लेन्सवर ओरखडा नाही, पट्टा तेवढा धुळीनं पांढरा झालाय. मेधाच्या घरी तुम्ही झोपायचात त्या सोफ्याशेजारच्या खुर्चीवर ठेवलाय. मी तो अजून चालू केलेला नाही. भीती वाटते.

या वाक्यावर तुम्ही छत्तीस वर्षं हसलात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुम्ही मला धरणाच्या भिंतीवर फिरायला नेलंत आणि मी मध्यावर खाली बसले, तेव्हापासून. मला सरकत्या जिन्याची भीती, लिफ्टची भीती, दार आपोआप बंद होणाऱ्या गाडीची भीती. तुम्ही बांधकाम खात्यात पुलांचे इंजिनियर. पुराच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरून पुलाचे खांब हातानं चाचपणारे. "शैला, पडणारी वस्तू आधी सांगते," असं म्हणायचात. "तडा जातो, आवाज होतो, माती ढळते. उगाच घाबरायचं नाही, नीट बघायचं." मी नीट बघायला शिकले नाही. मला सगळंच पडेलसं वाटत राहिलं.

सध्या तुम्ही कुठे आहात हे मला नक्की ठाऊक नाही. म्हणजे आत्माबित्मा म्हणत नाही मी. तुमचा अस्थिकलश रेगेन्सबर्गबाहेरच्या दहनगृहात कुठल्यातरी फळीवर आहे आणि कागद पुरे झाल्याशिवाय तो आपल्या हातात देत नाहीत. मेधा मृत्यूचा दाखला घेऊन या आम्टमधून, म्हणजे सरकारी कचेरीतून, त्या आम्टमध्ये फेऱ्या मारतेय. प्रत्येक ऑफिसात तिला तुमच्या नावाचं स्पेलिंग सांगावं लागतं. मी शेजारी बसून असते. पुकारा झाला की उठते, ती उठली म्हणून. तुम्हाला त्या फळीवर एकटं वाटत असेल का, हा विचार मी मनात येऊ देत नाही. येतोच.

आपण जर्मनीला आलो होतो सहा आठवड्यांसाठी. आपली लेक मेधा आणि जावई निखिल कामावर गेले की आपण दोघं बाहेर पडायचो. तुमच्या गळ्यात कॅमेरा, माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली, पासपोर्टच्या झेरॉक्स आणि मेधाचा पत्ता लिहिलेल्या चार चिठ्ठ्या. एक हरवली तर दुसरी असावी म्हणून चार. तुम्ही त्या जुन्या दगडी पुलाखाली नदीकाठी उकिडवे बसून कमानींचे फोटो काढायचात आणि सायकलवाले तुम्हाला वळसा घालून जायचे. कॅथेड्रलपाशी लोक मान वर करून मनोऱ्यांचे फोटो काढत, तुम्ही मात्र भिंत जमिनीला टेकते तिथला फोटो घेत होतात. दोन दगड एकमेकांना धरून ठेवणारी लोखंडी पट्टी. पावसाचं पाणी थुंकणारं एक दगडी तोंड, झिजून नाक गेलेलं.

"बाबा, अख्खं चर्च एका फोटोत घ्या ना," मेधा म्हणाली होती.

"अख्खं चर्च पोस्टकार्डावर मिळतं," तुम्ही म्हणालात.

आणि प्रत्येक ठिकाणी मी. "शैला, त्या खांबापाशी उभी राहा. थोडी डावीकडे. माप कळायला हवं."

"मी काय फूटपट्टी आहे?"

"पाच फूट एक इंच. इतकी खात्रीची फूटपट्टी मला दुसरी कुठे मिळणार?"

मेधानं ते फोटो लॅपटॉपवर लावले तेव्हा ती हसून हसून लाल झाली. केवढाली दारं, केवढाले खांब, आणि खाली कोपऱ्यात स्वेटरवर साडी नेसल्यासारखी दिसणारी, पर्स पोटाशी धरलेली, घाबरलेली एक बाई. सगळीकडे तीच. मला राग आला होता. तेव्हा बोलले नाही, पण राग आला होता. मला वाटायचं, एकदा तरी हा माणूस माझा फोटो काढेल, मागे चर्च असलं तर असलं.

ते दुसरं गाव मेधानं शोधलं, तुमच्यासाठी. लहान गाव, गाडीनं तासाभरावर. तिथल्या चर्चच्या कमानदार छताच्या वर, खऱ्या छपराच्या आत, शेकडो वर्षांपूर्वीचा लाकडी सांगाडा जसाच्या तसा आहे, तो तुम्हाला बघायचा होता. मेधानं मेल लिहून परवानगी काढली. तिला सुट्टी नव्हती. "आई, जमेल तुम्हाला. गाडी बदलायची नाही, थेट आहे," म्हणाली. मी रात्रभर ते स्टेशनाचं नाव पाठ केलं.

चर्चच्या दाराशी मेसनर उभे होते. आपल्याकडे देवळाचा गुरव असतो तसे. किल्ल्या त्यांच्याकडे, दिवे लावणं त्यांच्याकडे. सत्तरीचे, उंच, उजव्या पायानं लंगडणारे. इंग्रजी जेमतेम. त्यांनी आपल्या गुडघ्याकडे बोट दाखवलं, मान हलवली, भिंतीतलं एक बुटकं दार उघडलं आणि तुम्हाला वर जायची खूण केली. ते खालीच थांबणार होते.

आत गोल दगडी जिना. इतका अरुंद की दोन्ही खांदे भिंतींना लागत. मी म्हणाले, "मी इथंच बसते."

"बस की."

तुम्ही आत शिरलात. तुमच्या बुटांचा आवाज वर जाऊ लागला. त्या रिकाम्या चर्चमध्ये, भाषा न येणाऱ्या परक्या माणसाबरोबर बसायची मला जास्त भीती वाटली. म्हणून मी तुमच्या मागं चढले. शौर्यानं नाही. हेही तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. वर पोचल्यावर तुम्ही वळून बघितलंत आणि तुमचा चेहरा असा काही उजळला, की मी ते श्रेय घेऊन टाकलं.

तो प्रकार मी जन्मात विसरणार नाही. खालून जे छत नक्षीदार, पांढरं, आभाळासारखं दिसत होतं, त्याची वरची बाजू म्हणजे नुसत्या विटा आणि चुना, ओळीनं पालथ्या घातलेल्या प्रचंड कढयांसारखी. त्यांच्यावरून दोन फळ्यांची एक वाट गेलेली, एकाच बाजूला कठडा. वर काळ्या तुळयांचं रान. भिंतीतल्या फटींमधून उजेडाच्या पट्ट्या येत होत्या आणि त्यात धूळ तरंगत होती.

"या विटा केवढ्याशा जाड आहेत माहितीय?" तुम्ही कुजबुजलात. "वीतभर. आणि खाली तीन मजले मोकळे."

"हे मला कशाला सांगताय?"

"उभी आहे ती कमान, शैला. इतकी वर्षं उभी आहे."

तुम्ही मला तुळयांवर सुतारांनी कोरलेल्या खुणा दाखवल्यात. कुठली तुळई कुठे बसवायची त्याचे आकडे. त्यांवर तुम्ही बोट फिरवलंत. मग मधोमध एक गोल लाकडी झाकण दाखवलंत, चांगलं मोठं. खालून दगड, लाकडं वर ओढायला छतात भोक ठेवलेलं असतं म्हणालात. मला त्या झाकणाकडे बघवेना. मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"आता त्या मोठ्या तुळईपाशी उभी राहा."

"नाही."

"दोन मिनिटं. माप..."

"नाही म्हटलं ना. मी फूटपट्टी नाही. घ्या काय घ्यायचा तो तुळईचा फोटो आणि चला खाली."

इतक्या जोरात मी तुमच्यावर ओरडले नव्हते कधी. तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावलात. फोटो घेतलात. दोन घेतलेत. मग फळीवर बसलात. मला वाटलं रुसलात. मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. किती वेळ ते मला सांगता येत नाही. मिनिटभर असेल, जास्तही असेल. त्या मिनिटाचा हिशेब मला लागत नाही.

"पाणी आहे का?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी बघितलं. चेहरा ओला झालेला, ओठ राखेच्या रंगाचे. डावा हात मांडीवर उताणा पडला होता, आपला नसल्यासारखा. मी पाणी दिलं, ते हनुवटीवरून खाली गेलं. फोन काढला, तर त्या भिंतींमध्ये रेंज नाही. "मेधाला सांगू नको," असलं काहीतरी म्हणालात. मी म्हटलं, "मी खाली जाते, त्यांना बोलावते. आलेच."

आणि तुम्ही माझ्या पदराचं टोक धरलंत. "जाऊ नकोस, शैला."

तुमच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. तुमचे डोळे माझ्यासारखे झाले होते. घरात भिणारी मी, तुम्ही न भिणारे, अशी आपली वाटणी होती. ती त्या क्षणी मोडली आणि मला कुणीच उरलं नाही. मी तुमची बोटं एकेक करून सोडवली. "लगेच येते," म्हणाले. आणि गेले.

तो जिना मी कशी उतरले ते आठवत नाही. खाली आल्यावर एकही जर्मन शब्द आठवला नाही. मराठीत ओरडले. "अहो धावा, धावा! हे वर पडलेत!" मेसनरांना कळलं. त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला, दोन वाक्यं बोलले, मग त्या गुडघ्यानिशी बुटक्या दारात शिरले. जिन्यातून त्यांच्या कण्हण्याचा आवाज येत राहिला.

आता खरं सांगते. मी त्यांच्या मागोमाग यायला हवं होतं. मी दारापर्यंत गेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पाय वर उचलेना. वर तुम्ही मेलेले असाल, असं वाटलं. मी ते बघायला जाऊ शकले नाही. परत आले आणि पहिल्या बाकावर बसले.

थोड्या वेळात आगीच्या बंबाचे लोक आले, दोर, पट्टे घेऊन वर गेले. जिन्यातून स्ट्रेचर येणं शक्य नव्हतं. मी बाकावर बसून वर बघत होते आणि त्या पांढऱ्या छतातलं ते गोल झाकण उघडलं. अंधाराचा एक गोळा दिसला. त्यातून तुम्ही आलात. उभ्या स्ट्रेचरला बांधलेले, शेजारी दोराला लटकलेला एक माणूस, तुमच्याशी हळू आवाजात बोलत. एवढ्या उंचीवरून तुम्ही संथपणे खाली येत होतात आणि किती लहान दिसत होतात. मी तोंडात पदर कोंबला. जिवंत होतात. तुमची पापणी हलली ती मी बघितली.

मेधा हॉस्पिटलात पोचली तोवर तुम्हाला आत नेऊन दीड तास झाला होता. ती धावत आली आणि माझ्यावरच ओरडली. "तू बाबांना तिथं एकटं सोडून कशी आलीस? आणि परत वर का नाही गेलीस?"

मी म्हणाले, "त्या लोकांनी अडवलं गं मला. जाऊच दिलं नाही."

निखिलनाही मी तेच सांगितलं. घरी नाशिकला फोनवरही तेच. इतक्यांदा सांगितलं की मलाच कुणीतरी दंड धरल्यासारखं आठवायला लागलं.

नऊ दिवस तुम्ही होतात. चौथ्या दिवशी नळी काढल्यावर तुमचं पहिलं बोलणं हॉस्पिटलच्या खोलीच्या छताबद्दल होतं. "त्या कोपऱ्यातली पट्टी सुटलीय, सांग यांना." मी हसले आणि मग बाहेर जाऊन रडले. नंतर कॅमेऱ्याची चौकशी. मी चिडले. "जीव जात होता तुमचा, आणि कॅमेरा?" तुम्ही पुन्हा कॅमेऱ्याचं नाव काढलं नाहीत. चिडायला नको होतं.

रोज मला विचारायचं होतं, तुम्ही जाऊ नकोस म्हणालात आणि मी गेले, रागावलात का? रोज मी दुसरंच बोलत बसायचे. मेधानं कशी खिचडी केली, शेजारच्या बाईंनी तुमच्यासाठी केक दिला. आठव्या दिवशी दुपारी तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "त्या दिवशी वर..."

मी म्हणाले, "आता बोलू नका. दम लागेल. नंतर."

दम लागत नव्हता तुम्हाला. मीच घाबरले होते, तुम्ही काय बोलाल याला. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं मला बाहेर बसायला सांगितलं, आणि झालं.

परवा मी आणि मेधा त्या गावी गेलो. मेसनरांनी कळवलं होतं, कॅमेरा त्यांच्याकडे आहे. चर्चच्या मागं त्यांची एक लहान खोली आहे, कपाटं, मेणबत्त्यांची खोकी. त्यांनी आम्हाला बसवलं, कॉफी दिली. मी कपावरून नजर उचलली नाही. कारण त्या दिवशी मला कुणी अडवलं नव्हतं, हे जगात एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माझ्यासमोर बसून साखर पुढे करत होता.

ते बोलत होते, मेधा मला मराठीत सांगत होती. ते म्हणाले, मी जिना चढत असतानाच वरून हाक ऐकू येत होती. मी पोचलो तेव्हा तुमचे वडील फळीवर नव्हते. सरकत सरकत जिन्याच्या तोंडाशी आले होते आणि खाली तोंड करून एकच शब्द म्हणत होते. मी हात धरला तरी तोच शब्द. मला वाटलं बाईंचं नाव असेल. त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर जर्मन अक्षरांत त्यांनी तो लिहून ठेवला होता, विसरू नये म्हणून.

मेधानं वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाली, "आई, सावकाश."

"काय?"

"बाबा म्हणत होते. सावकाश. सावकाश."

तुम्ही मला सांगत होतात. मी त्या जिन्यावर आहे, मला जिन्याची भीती वाटते, म्हणून. छातीत तसलं काही चालू असताना फळीवरून सरकत आलात, हलायचं नव्हतं तेव्हा हललात. मला हलकं वाटलं आणि त्याच क्षणी नवी भीतीही वाटली, की त्या सरकण्यानंच तर नाही ना? डॉक्टरांना मी हे विचारणार नाही. तुम्ही रागावला नव्हतात, एवढं मी घेते. दुसरं माझ्यापाशी राहील.

मेधानं डोळे पुसले आणि मेसनरांना काहीतरी म्हणाली. मला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. ती त्यांचे आभार मानत होती, माझ्या आईला तुम्ही वर जाऊ दिलं नाहीत, नाहीतर तीही पडली असती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "गेनाऊ." बरोबर, म्हणून. एका परक्या म्हाताऱ्यानं त्याच्या देवाच्या घरात माझ्यासाठी खोटं बोलून टाकलं.

मला ते घेववलं नाही. मी मराठीतच म्हणाले, "नाही मेधा. कुणी अडवलं नव्हतं. मी घाबरले. पहिल्या पायरीवरून परत फिरले आणि बाकावर बसून राहिले. बाबा वर होते आणि मी खाली बसून होते. सांग त्यांना, खोटं नका बोलू म्हणावं."

मेधानं काही भाषांतर केलं नाही. ती कागदाची घडी करत बसली. मला वाटलं आता ती उठेल, बाहेर जाईल, मला परतीच्या गाडीत एकटीला बसावं लागेल.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला ना, मी मीटिंगमध्ये नव्हते. फोन लगेच घेतला होता मी. घेतला आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसले. अर्धा तास. मला बाहेरच येता येईना. निखिलला सांगितलं मीटिंग होती. तुलाही तेच सांगितलं. आणि येऊन तुझ्यावर ओरडले."

मेसनरांना एक अक्षर कळत नव्हतं. ते उठले, लंगडत गेले आणि आमच्या दोघींच्या कपांत पुन्हा कॉफी ओतली.

परतीची गाडी यायला पाऊण तास होता. आम्ही चर्चबाहेरच्या उन्हात बसलो. ती मला मांडीवर डोकं ठेवू दे म्हणाली नाही आणि मीही तिला जवळ घेतलं नाही. दोघीही नुसत्या शेजारी बसलो, खांद्याला खांदा लागेल इतक्या. माझं विमान पुढच्या मंगळवारी आहे. नाशिकच्या घराचं कुलूप मी एकटीनं उघडायचं आहे, आणि मला त्याची भीती वाटते. मेधाला ते सांगितलं. ती म्हणाली, तिलाही तुम्ही गेल्यापासून फोन वाजला की धस्स होतं.

अहो, तुमच्या मागं दोन भित्र्या बायका उरल्यात. इतके दिवस आम्हाला वाटायचं, घरात एकच आहे.